सोबतीची घटका

चूक थिरझा होलरॉइडच्या लक्षात आली, तेव्हा तिच्या त्रैमासिकाचा शरदाचा अंक टपालात पडून चार दिवस झाले होते. रविवार होता. जेवणाची भांडी निथळत होती आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, औषधांच्या दुकानाने दर वर्षी फुकट दिलेल्या कॅलेंडरात, पुढच्या तीन महिन्यांच्या पौर्णिमांवर पेन्सिलीचे ठिपके ठेवत होती. ठिपका इतका बारीक, की आल्यागेल्याला माशी बसून गेली असावी असे वाटावे. अंकाच्या शेवटच्या पानावरून तिने ऑक्टोबरची तारीख वाचली. पाच. पेन्सिल टेकवता टेकवता तिचा हात थांबला.

गेल्या सोमवारीच तर पौर्णिमा झाली होती. परसदारी कोळशाच्या खोलीच्या छपरावर तो चंद्र तिने स्वतः पाहिला होता. तेव्हापासून पाच ऑक्टोबर म्हणजे अवघे सोळा दिवस.

तिने पंचांग काढले. त्यात काळ्या भरीव गोळ्याखाली अमावस्या आणि पोकळ वर्तुळाखाली पौर्णिमा, अशा दोन रांगा होत्या. नोव्हेंबर बरोबर होता, डिसेंबर बरोबर होता. ऑक्टोबरच्या ओळीवर मात्र तिची नजर एक रांग अलीकडे घसरली होती. पौर्णिमा एकोणीस तारखेला होती आणि 'कुंपणवाट' या त्रैमासिकाच्या तीनशे चाळीस वर्गणीदारांना त्याच्या संपादिकेने अमावस्येची तारीख दिली होती.

दुसरी कोणतीही चूक झाली असती तर थिरझाने कपाळाला हात लावून सोडून दिले असते. एकदा एका काढ्यात चमच्याच्या जागी वाटी पडली होती. पुढच्या अंकात दिलगिरी छापली आणि विषय संपला. पण हे पान निराळे होते. पानाचे नाव होते 'सोबतीची घटका', आणि त्यावर तारखांखेरीज चारच ओळी असत. पौर्णिमेला रात्री आठ वाजता, असाल तिथे एक मेणबत्ती लावा. अर्धा तास गप्प बसा. काही मागू नका. या घटकेला आपण सगळे एकत्र असतो.

अकरा वर्षांपूर्वी हे पान तिने सुरू केले, ते तिला एकत्र बसायला कोणी उरले नव्हते म्हणून. त्याआधी टॉडमॉर्डनच्या डोंगरावर, एका दूधवाल्याच्या रिकाम्या गोठ्यात, जुन्या देवतांना मानणाऱ्या, स्वतःला पेगन म्हणवणाऱ्या नऊ जणांचे मंडळ भरत असे. मग मंडळाची मुख्य बाई नवऱ्यामागून स्पेनला गेली, दोघे आपसांत भांडले, एकाला लीड्समध्ये नोकरी लागली, आणि एका वसंतात गोठ्यात थिरझा एकटीच पोचली. तास-दीड तास तिने वाट पाहिली. परतताना तिच्या मनात आले, की अशा एकट्या पडलेल्या बायका आणि बाप्ये गावोगाव असतील. त्यांना एका छपराखाली आणणे आपल्याला जमणार नाही. पण एका वेळेखाली आणता येईल. तेव्हापासून एकही पौर्णिमा तिने चुकवली नव्हती. सांधेदुखीने पाय सुजले होते तेव्हासुद्धा ती उशांना टेकून बसली होती. आठ वाजले, की तिच्या डोळ्यांपुढे साऱ्या देशभर एकेक ज्योत लागत जाई, ब्रिस्टलकडे, फाइफकडे, वेल्सच्या डोंगरांत, आणि दिवसभर औषधांच्या दुकानात लोकांच्या गोळ्या मोजून बधिर झालेली ती बाई त्या अर्ध्या तासात कोणाची तरी होऊन जाई.

मंगळवारी जेफ अटली आला. जेफ शेजारच्या गावी शाळेत भौतिकशास्त्र शिकवी. घटस्फोटानंतर तो ड्रुइड, म्हणजे झाडे आणि दगड पूजणाऱ्या जुन्या पंथाचा, झाला होता, आणि अंकाची पाने आपल्या संगणकावर जुळवून देई. थिरझाने पंचांग आणि अंक शेजारी शेजारी ठेवले. त्याने चष्मा वर केला, खाली केला, आणि तो हसत सुटला.

"अगं, पाच तारखेला अमावस्या आहे! थिरझा, तू साडेतीनशे चेटकिणींना अमावस्येला पौर्णिमा करायला लावलीस. एवढं मोठं चेटूक आजवर कोणाला जमलं नव्हतं."

"दात काढू नकोस. छापायच्या आधी पान तूच वाचलंस ना? पोरांना विज्ञान शिकवतोस वर."

"मी शुद्धलेखन वाचलं. चंद्र तुझ्या खात्यात."

"आता कळवायला हवं. सगळ्यांना कार्डं टाकते."

"उघड्या कार्डावर? काय लिहिणार, 'पौर्णिमा चुकली, क्षमस्व'? त्या हल शहरातल्या बाईच्या नवऱ्याला अजून वाटतंय, ती बागकामाचं मासिक घेते. तिचं घर मोडशील."

हे खरे होते. 'कुंपणवाट' नेहमी तपकिरी, निनावी पाकिटातून जाई. पाठवणाऱ्याच्या जागी फक्त पोस्टातल्या पेटीचा क्रमांक असे. वर्गणीदारांपैकी कोणी शाळेत शिकवत होते, कोणी ख्रिस्ती चॅपलमध्ये ऑर्गन वाजवत होते, एकीच्या पोरांच्या ताब्याचा खटला कोर्टात चालू होता आणि आपण काय वाचतो हे तिला कोणाला कळू द्यायचे नव्हते.

"मग पाकिटं भरू."

"पाकिटं भरायला आपल्याला दोन शनिवार लागतात. तोवर पाच तारीख उलटलेली असेल. आणि मला एक सांग, ही आपली माणसं आहेत कशी? आकाशाकडे बघणारी. आठ वाजता पडदा सारतील, चंद्र नाही, म्हणतील म्हातारीचा चष्मा बदलायला झालाय, आणि एकोणिसाला बसतील. छापलेलं पान बघून चंद्र ठरवेल असा पेगन मला दाखव."

"म्हातारी कोणाला म्हणतोस?"

"पानाला," जेफ म्हणाला. "चहा टाकतेस का मी टाकू?"

थिरझाला तो युक्तिवाद पटला. किंबहुना पटावा असे तिला वाटत होते, कारण त्यात तिच्या वाचकांचा मान होता.

याच अंकात एक प्रश्नावलीही गेली होती. कल्पना जेफची. लीड्सचा एक वितरक 'कुंपणवाट' दुकानांत ठेवायला तयार होता. फक्त मुखपृष्ठ रंगीत हवे आणि लोकांना हवे ते, त्याच्या मते मंत्रतंत्र, आत हवे. लोकांना काय हवे हे विचारल्याशिवाय कसे कळणार, असे जेफचे म्हणणे. म्हणून एका पानावर चौकोन आखून त्याने बारा प्रश्न टाकले. तुम्हाला काय अधिक हवे: मंत्रतंत्र, औषधी झाडपाला, जुना इतिहास, स्वप्नांचे अर्थ, वाचकांची पत्रे? त्यात नववा प्रश्न असा होता: सोबतीची घटका तुम्ही पाळता का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही. थिरझाला तो प्रश्न आवडला नव्हता. देवळात येणाऱ्यांना दारातच हजेरी विचारल्यासारखा तो तिला वाटला. पण नको म्हणायला कारण सापडेना, आणि भीती वाटते हे काही जेफला सांगण्यासारखे कारण नव्हते.

पाच ऑक्टोबर बुधवारी आला. संध्याकाळी दुकानातून परतल्यावर थिरझाने टोस्टवर घेवडा घालून खाल्ला आणि इस्त्री काढली. आठ वाजले तेव्हा ती उशीच्या अभ्र्यावर इस्त्री फिरवत होती. घड्याळाकडे पाहायचे नाही असे ठरवूनही तिने पाहिले. खिडकीबाहेर दरीवर काळोख होता, गिरणीच्या जुन्या धुराड्याची कडही दिसत नव्हती. आपण बसावे की काय, असे तिच्या मनात येऊन गेले. पण खोट्या तारखेला बसणे तिला खोटेपणाचे वाटले. छापील पान चुकते. चंद्र चुकत नाही. तिने अभ्रा घडी करून ठेवला आणि दुसरा घेतला.

एकोणीस तारखेला आकाश स्वच्छ होते. कपाटाच्या माथ्यावरचा फुलदाण्यांचा पसारा बाजूला करून तिने मेणबत्ती लावली. नेहमीसारखी गावोगावची ज्योत लागत गेली, नेहमीसारखी छातीतली गाठ सैल झाली. किंचित अधिकच, असे तिला वाटले. चूक होऊनही सगळे आले होते. पडदा सारून, चंद्र पाहून, आपल्या संपादिकेला हसून ते आले होते. उठताना तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती तक्रारीच्या पत्रांची वाट पाहू लागली. काढ्याच्या वेळी अकरा पत्रे आली होती, त्यातली दोन वकिली भाषेत. या वेळी तर शेकड्यांनी यायला हवीत. दुकानातून सुटल्यावर ती रोज पोस्टात जाई आणि पेटी उघडून पाही. भरलेल्या प्रश्नावल्या येत होत्या, वर्गण्या येत होत्या, 'ओळख हवी' सदराच्या जाहिराती येत होत्या. चंद्राबद्दल कोणाचे अक्षर नव्हते. आठवडा गेला, दुसरा गेला. कुणीतरी रागावावे, असे तिला वाटू लागले.

नोव्हेंबरच्या पाच तारखेला, शनिवारी दुपारी, जेफ गणती करायला आला. गावात दरवर्षीची फटाक्यांची आणि शेकोट्यांची रात्र होती; दिवसाउजेडीच कुणीतरी एखाददुसरा बाण सोडत होते. थिरझाने आल्याचा पार्किन केक कापून ठेवला होता. जेफने एकशे अठरा प्रश्नावल्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि एकेक प्रश्न घेऊन रेघा मारायला सुरुवात केली.

"वाचकांची पत्रं पहिली. झाडपाला दुसरा. मंत्रतंत्र तिसरं, म्हणजे लीड्सवाला बरोबर होता. इतिहास कोणालाच नको. माझा दगडांच्या वर्तुळांवरचा लेख सहा जणांनी वाचला, त्यातला एक म्हणतो मी चुकीचा आहे."

"नववा सांग."

"केक छान झालाय."

"जेफ."

त्याने कागद तिच्या बाजूला फिरवून सरकवला. आकडे त्याच्या फळ्यावरच्या अक्षरांइतकेच सुबक होते. नेहमी: चार. कधीकधी: अकरा. कधीच नाही: एकशे तीन.

थिरझाने तिन्ही आकड्यांची बेरीज करून पाहिली.

"आणि खरं सांगायचं तर," जेफ हलक्या आवाजात म्हणाला, "चारातलं एक अक्षर तुझं आहे."

"गणती शून्यापासून सुरू होऊ नये म्हणून भरलं."

"हो. उरलेल्या तिघांत ती अ‍ॅबर्डीनची नर्स. लिहिते, 'नेहमी, रात्रपाळी सोडून', आणि खाली लिहिते, 'दीड वर्ष रात्रपाळी आहे'." त्याने तिच्याकडे पाहिले आणि हसणे आवरले. "पण दहावा प्रश्न बघ ना. हे पान चालू ठेवावं का? सत्त्याण्णव जण हो म्हणतायत. न पाळणारे! मला याचा अर्थच लागत नाही. असं कोणत्याच सदराचं झालेलं नाही."

अर्थ कडेच्या मोकळ्या जागेत होता. जेफ रेघा मारत असताना तिने गठ्ठा चाळला. 'आठ वाजता मी पोरांना अंघोळ घालत असते. पण तुम्ही सगळे बसलेले असता हे मनात असतं.' 'आई माझ्याकडे राहते, ती पक्की चॅपलवाली, मेणबत्तीचा वास तिला लगेच येतो. बंद करू नका.' 'मला गप्प बसता येत नाही, पण पान आधी काढून वाचते.' हलच्या बाईने लिहिले होते, 'आमचे हे आठला बातम्या लावतात. एवढे लोक बसतात, त्यांत एक मी नसले तर काय बिघडतं.'

एवढे लोक. प्रत्येकाला वाटत होते, की बाकीचे बसतात. साऱ्या देशातल्या त्या ज्योती प्रत्येकाने दुसऱ्याच्या घरात लावून ठेवल्या होत्या. अकरा वर्षे थिरझाही तेच करत आली होती. फरक एवढाच, की तिने आपली एक खरी लावली होती.

"थिरझा, हे काही वाईट नाही," जेफ म्हणाला. "लोकांना हवं असतं ते एवढंच, की कुठेतरी कुणीतरी बसलंय. तू बसतेस. झालं की."

"एकोणीस तारखेला मला सगळे आल्यासारखे वाटले होते," ती म्हणाली. "नेहमीपेक्षा जास्त."

जेफने गठ्ठ्याला रबर लावले, उरलेल्या केकची वडी कागदात गुंडाळून घेतली, आणि दारात उभे राहून तो म्हणाला, "आज माझ्या मुलीला आणणार आहे मी, आतषबाजी बघायला चल ना आमच्याबरोबर." ती नको म्हणाली. तो गेला.

प्रश्नावल्यांत न बसणारी पत्रे तिने वेगळी ठेवली होती. त्यांत एक लांबट पाकीट होते, लिंकनशरचा शिक्का असलेले. वर्गणीदार मॉड पास्क. पण अक्षर पुरुषी होते, एकेक अक्षर पाडून लिहिलेले.

'संपादक बाईंना, प्रश्नावली परत पाठवत नाही, कारण त्यातला कोणता चौकोन माझा, ते मला कळलं नाही. वर्गणी माझ्या बायकोच्या नावावर आहे. ती तीन वर्षांपूर्वी वारली. नाव मी बदललं नाही. वर्षातून चार वेळा तिच्या नावाचं टपाल येतं, तेवढं असू द्यावं.

'मी तुमच्यातला नाही. चर्चमधलाही नाही. चाळीस वर्षं मी इथल्या खाडीच्या तोंडावरचे, भरतीचं पाणी अडवणारे दरवाजे सांभाळले. मॉड पौर्णिमेला आठ वाजता बसायची, तेव्हा मी शेडमध्ये जात असे, तिला अडचण नको म्हणून. ती गेल्यावर पहिल्या पौर्णिमेला आठ वाजता मी शेडमध्ये गेलो आणि तिथे करायला काही नव्हतं. म्हणून परत आलो आणि तिच्या खुर्चीत बसलो. तेव्हापासून बसतो. मला काय करायचं असतं ते माहीत नाही, पण पानावर लिहिलंय की काही करायचं नसतं, तेव्हा जमतं.

'आता मुद्द्याचं. ऑक्टोबरात तुम्ही पाच तारीख दिलीत. दरवाजेवाल्याला चंद्र पाठ असतो. अमावस्या आणि पौर्णिमा, दोन्हींना उधाण येतं आणि दोन्हींना जागावं लागतं. तेव्हा ती अमावस्या होती हे मला माहीत होतं. पण मी विचार केला, यांचं काही वेगळं कारण असेल. आणि चूक असली, तरी सगळ्यांनी मिळून केलेली असेल, मग मी एकटा बरोबर असून काय उपयोग? म्हणून पाच तारखेला बसलो. एकोणीसला बसलो नाही, कारण पानावर नव्हतं.

'त्या पाच तारखेबद्दल विचारायचं होतं. इतर वेळी मी बसतो तेव्हा कुणीतरी असल्यासारखं वाटतं. तुम्ही हसाल. मॉड असते, असं म्हणत नाही मी. माणसं असतात तशी. शेजारच्या खोलीत बोलणं चालू नसलं तरी माणसं आहेत हे कळतं ना, तसं. पाच तारखेला काहीच नव्हतं. अर्ध्या तासाने मी हाक मारून पाहिली, इतकं रिकामं होतं. मी आता एकोणऐंशीचा आहे. कान गेले, गुडघे गेले, आता हेही गेलं का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे. इतरांनाही तसंच वाटलं असेल तर मला बरं वाटेल. तसं नसेल तर तेही सांगा. आपला, आयव्हर पास्क.'

थिरझाने पत्र दोनदा वाचले. बाहेर अंधारून आले होते आणि दरीच्या त्या अंगाला शेकोटी पेटली होती.

म्हणजे एक माणूस होता. अकरा वर्षांत ज्यांना तिने कल्पनेने बसवले होते त्यांतला एक, खरा, खुर्चीसकट. आणि तो ज्या दिवशी आला, त्या दिवशी ती उशीच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती. ज्या दिवशी तिच्यापुढे सारा देश उजळला होता, त्या दिवशी तो पानाचे ऐकून घरात दुसरेच काहीतरी करत बसला होता. कोणी नव्हते तेव्हा तिला सगळे आलेले वाटले. कोणी नव्हते तेव्हा त्याला कोणी नाही हे कळले. दोघांपैकी जाण कोणाला होती?

तिने कागद घेतला आणि लिहिले, 'प्रिय मि. पास्क, पाच तारखेला आम्हां सगळ्यांनाच थोडं वेगळं वाटलं.' हे वाक्य सोपे होते. त्याने म्हाताऱ्याला झोप लागली असती. पुढे अमावस्येच्या एका प्राचीन विधीचा परिच्छेद जोडला असता, तर तिची चूकही झाकली गेली असती, आणि असा परिच्छेद तिला दहा मिनिटांत लिहिता आला असता. पण ते वाक्य वाचताना तिला वाटले, की हा माणूस रिकाम्या खोलीत एकदा हाक मारून बसला आहे. त्याला पुन्हा रिकाम्या खोलीतून उत्तर द्यायचे, तेही माणसाच्या आवाजात, हे काही बरे नाही. तिने कागद चुरगाळला.

दुसरे पत्र लिहायला रविवार लागला. त्यात मधली एक ओळ तिने चार वेळा खोडली आणि शेवटी पहिल्यांदा होती तशीच ठेवली.

'तारीख माझी चूक होती. रांग चुकून वाचली. पाच तारखेला मी बसले नव्हते. चूक कळूनही बसले नाही, कारण मला वाटलं, पान बघून कोण बसेल, सगळे आकाश बघतील. तुम्ही आलात आणि मी नव्हते. इतर कोणी होतं का ते मला सांगता येणार नाही; बहुधा नव्हतं. तुम्हाला रिकामं वाटलं ते रिकामंच होतं. तुमच्यातलं काही गेलेलं नाही. हे मला फार शहाणपणाने माहीत आहे असं समजू नका. चंद्र नाही हे ठाऊक असल्यानेही तसं वाटलं असेल. पण खोली खरोखर रिकामी होती, एवढं मी शपथेवर सांगू शकते.

'आणखी एक सांगितलं पाहिजे. एरवीही आम्ही फार नसतो. आम्ही लोकांना विचारलं. मोजून चार निघाले, त्यांतली एक मी. तुम्ही चौकोन भरला असतात तर पाच झालो असतो. पुढची पौर्णिमा शुक्रवारी, अठरा तारखेला आहे. पंचांगात तीन वेळा पाहिली. मी असेन.'

सोमवारी पाकीट पेटीत टाकल्यावर तिला ते परत काढून घ्यावेसे वाटले. म्हाताऱ्याला सांत्वन हवे होते आणि आपण त्याला हिशेबाइतके कोरडे सत्य पाठवले, असे ती दुकानात गोळ्या मोजताना दिवसभर म्हणत राहिली. संध्याकाळी जेफचा फोन आला. रंगीत मुखपृष्ठाचे काय ठरवले, असे तो विचारत होता.

"मंत्रतंत्र घाल दोन पानं. रंगही घाल. शेवटचं पान मात्र मी लिहीन."

"ते ठेवायचंच आहे गं. सत्त्याण्णव जण..."

"ठेवायचं आहे, पण चौथी ओळ बदलायची आहे. 'आपण सगळे एकत्र असतो' हे आता मला छापता येणार नाही."

"मग काय छापणार? 'आपण पाच जण असतो'? लीड्सवाला अंक दुकानाच्या मागच्या दारात ठेवेल."

"'संपादिका बसते. येणाऱ्याने यावे.'"

"त्यापेक्षा माझा दगडांवरचा लेख खपेल," जेफ म्हणाला. आणि मग, "बरं, तू म्हणशील तसं. तारीख मात्र मी तपासणार."

उत्तर आले ते पोस्टकार्डावर. उघड्या कार्डावर, पोस्टातल्या बाईला सहज वाचता येईल असे. 'पत्र पोचलं. म्हणजे मी एकटाच होतो. आधी कळतं तर जेवून बसलो असतो. अठरा तारखेला आठ वाजता. आय. पी.' मागच्या बाजूला समुद्राच्या बांधाचे, सत्तर सालातले वाटावे असे चित्र होते. आकाशच जास्त, जमीन चिमूटभर.

अठरा तारखेला दरीत पाऊस होता आणि चंद्राचा पत्ता नव्हता. दुकानातून यायला तिला उशीर झाला. कोट न काढताच तिने मेणबत्ती लावली आणि खुर्ची ओढली. आठला दोन मिनिटे कमी होती.

सवयीने मन सगळ्या दिशांना धावू लागले. तिने त्याला आवरले. तिकडे कोणी नव्हते, किंवा होते की नाही हे तिला माहीत नव्हते. माहीत होते ते एकच घर, तेही कधी न पाहिलेले. तेवढ्या एका घरी जाऊन बसण्याचा तिने प्रयत्न केला, आणि तो फार अवघड निघाला. सारा देश उजळायला डोळे मिटणे पुरत असे. एका म्हाताऱ्यापाशी अर्धा तास बसायचे, तर लक्ष पुन्हा पुन्हा निसटे. ओल्या बुटांकडे जाई, उद्याच्या कामाकडे जाई, आणि दर वेळी ती त्याला परत आणी: तो जेवला असेल का, त्याचे गुडघे धरले असतील का, खुर्ची त्याच्यासाठी बुटकी आहे का. छातीतली गाठ सैल झाली नाही. कोणी असल्यासारखे वाटले नाही, नसल्यासारखेही वाटले नाही. त्याला काही वाटत असेल का, हे कळायला मार्ग नव्हता. त्याने लिहिले होते की तो येईल, आणि तिच्याजवळ होते ते एवढेच.

साडेआठ वाजले. उठायचे म्हणून तिने खुर्चीच्या हातावर हात टेकले, आणि मग तिच्या मनात आले, की त्याचे घड्याळ मागे असू शकते. अशा म्हाताऱ्याच्या घरातले घड्याळ. कोण लावून देते? तो अजून बसलेला असेल आणि आपण उठलो, तर उरलेली मिनिटे तो पुन्हा एकटा.

तिने हात परत मांडीवर घेतले. नऊला दहा कमी असतानाही ती तिथेच होती.